न उच्चारलेलें नांव

१९५० सालच्या डिसेंबर महिन्यांत अमेरिकेच्या ईशान्य भागांतून दक्षिणेकडे जाणाऱ्या एका आगगाडींत पंचवीस वर्षांची एक तरुणी नाताळासाठीं घरीं निघाली होती. तिची पहिली कादंबरी पुरी होत आली होती. कांहीं दिवसांपूर्वीं टंकलेखन करतांना तिचे खांदे व दंड जड होऊं लागले होते. हा संधिवाताचा प्रकार असावा, घरीं गेल्यावर नीट तपासून घ्यावें, असें तेथील एका डॉक्टरानें तिला सांगितलें होतें. प्रवासांतच दुखणें बळावलें. स्टेशनवर उतरवून घ्यावयास तिचा मामा आला होता. त्याला समोर एखादी वाळलेली म्हातारी उतरत आहे असें वाटलें.

घरीं पोंचल्यावर तिला गांवच्या रुग्णालयांत ठेवावें लागलें. ताप उतरेना. आईनें अटलांटा शहरांतील डॉ. आर्थर मेरिल यांना दूरध्वनीवरून लक्षणें कळविलीं, आणि तीं ऐकतांच त्यांना एका विशिष्ट रोगाची शंका आली. त्या रोगाचें नांव आईला नवीन नव्हतें. दहा वर्षांपूर्वीं त्याच रोगानें तिचा पति गेला होता. पुढें जवळजवळ दीड वर्ष मुलीसमोर तें नांव आईच्या तोंडून निघालें नाहीं.

ही तरुणी म्हणजे पुढें कथालेखिका म्हणून विख्यात झालेली फ्लॅनरी ओकॉनर, आणि तो रोग म्हणजे ल्यूपस.

फ्लॅनरीचा जन्म २५ मार्च १९२५ रोजीं जॉर्जिया संस्थानांतील सव्हाना या बंदराच्या शहरीं झाला. घराणें मूळचें आयरिश, धर्मानें कॅथॉलिक. भोंवतालचा मुलूख बहुतेक प्रॉटेस्टंट. एडवर्ड व रेजीना ओकॉनर या दांपत्याचें हें एकुलतें एक अपत्य. ती लहान असतांना तिची एक कोंबडी उलट्या पावलांनीं चालते अशी ख्याति झाली, आणि वार्तापटासाठीं त्या कोंबडीचें चित्र घ्यावयास एक छायाचित्रकार मुद्दाम तिच्या घरीं आला! त्यानंतरचें सारें आयुष्य म्हणजे नुसता उतार होता, असें ती पुढें थट्टेनें म्हणत असे. थट्टेचा हा स्वभाव तिच्या फार उपयोगी पडावयाचा होता.

वडील घरजमिनींच्या व्यवहारांत होते. १९२९ नंतरच्या मंदींत तो धंदा बसला. मुलीनें कागदावर कांहीं खरडलें कीं तो कागद खिशांत घालून ते मित्रांना दाखवीत हिंडत. त्यांना स्वतःला लिहिण्याची हौस होती, पण तिला लागणारी फुरसत व पैसा त्यांच्यापाशीं नव्हता, असें मुलीनें पुढें एका पत्रांत लिहिलें आहे. आणि आपण लिहितों त्यांत वडिलांचीच इच्छा पुरी होत आहे, असा त्या पत्राचा सूर आहे. १९३७ च्या सुमारास त्यांना ल्यूपस झाल्याचें निदान झालें. १९३८ सालीं ते सरकारी नोकरीनिमित्त अटलांट्यास गेले. परंतु प्रकृति ढासळत चालली, आणि कुटुंबाचें बिऱ्हाड रेजीनाबाईंच्या माहेरीं, मिलेजव्हिल या लहानशा गांवीं हललें. तेथेंच १ फेब्रुवारी १९४१ रोजीं, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, ते वारले. मुलीला सोळावें वर्ष अजून पुरें व्हावयाचें होतें. वडिलांना काय होत आहे हें तिला त्या काळांत फारसें कोणीं सांगितलें नाहीं.

या रोगाचें नांवच मोठें विचित्र आहे. ल्यूपस म्हणजे लॅटिन भाषेंत लांडगा. चेहऱ्याची त्वचा कुरतडल्यासारखी करणाऱ्या अनेक व्रणांना युरोपांतील वैद्य मध्ययुगापासून हें नांव देत आले. त्वचेच्या क्षयालाही पुष्कळ काळ हेंच नांव होतें. डेन्मार्कमधील नील्स फिन्सेन यांनीं प्रखर किरणांच्या साह्यानें त्वचेचा हा क्षय बरा करून दाखविला, व त्याबद्दल १९०३ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. येथें विधिसंकेताचा एक खेळ दिसतो. ज्या प्रकाशानें एक ल्यूपस बरा होई, तोच प्रकाश दुसऱ्या ल्यूपसला चाळवतो. हा दुसरा ल्यूपस क्षयापासून अगदीं निराळा. त्याला ल्यूपस एरिथेमॅटोसस, म्हणजे लालसर चट्ट्यांचा ल्यूपस, हें नांव १८५१ सालीं फ्रेंच वैद्य काझनाव्ह यांनीं दिलें. नाकाच्या दोन्ही बाजूंस गालांवर पसरणारा तो चट्टा व्हिएन्नाच्या हेब्रा यांना पंख पसरलेल्या फुलपांखरासारखा दिसला, आणि ही उपमा आजही वैद्यकाच्या पुस्तकांत टिकून आहे. हेब्रा यांचे जांवई कापोसी यांनीं १८७२ सालीं हा रोग केवळ कातडीचा नाहीं, तो सर्व शरीर ग्रासतो व प्राणही घेतो, हें दाखविलें. पुढें ऑस्लर यांनीं शतकाच्या अखेरीस सांधे, हृदय, मूत्रपिंड यांवरील त्याचे घाले वर्णिले.

घाले हाच शब्द येथें योग्य. शरीराचें रक्षण करणारी जी अंतर्गत शक्ति परक्या जंतूंवर तुटून पडावयाची, ती या रोगांत स्वतःच्याच अवयवांना परकें समजूं लागते. आज गुडघे सुजतील, महिन्यानें ताप येईल, मग केस गळतील, आणि सर्व कांहीं शांत झालें असें वाटत असतां मूत्रपिंडें निकामी होऊं लागतील. दरम्यान महिनेच्या महिने रोगी बाहेरून धडधाकट दिसतो. घरच्या माणसांची खरी परीक्षा होते ती या मधल्या काळांत. पाय मोडलेल्या माणसाला कोणी आळशी म्हणत नाहीं. ल्यूपसच्या रोग्याला मात्र सकाळीं उठतांना जो थकवा घेरतो तो कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, आणि सर्वांत जवळच्या माणसालाही एखादे दिवशीं वाटून जातें कीं, हें जरा अधिकच होत आहे. मोठ्या वयाच्या रोग्यांत दहापैकीं सुमारें नऊ स्त्रिया असतात, आणि रोग गांठतो तो बहुधा ऐन तारुण्यांत. म्हणजे लग्न, मुलें, नोकरी, या साऱ्या गोष्टी ज्या वयांत ठरावयाच्या त्याच वयांत. पुरुषाला हा रोग होणें त्यामानानें विरळ. पित्याला होऊन पुन्हां कन्येला होणें तर त्याहून विरळ.

मेरिल यांना शंका आली त्या वेळीं वैद्यकशास्त्र या रोगाच्या बाबतींत नुकतेंच जागें झालें होतें. १९४८ सालीं मिनेसोटांतील मेयो क्लिनिकमध्यें हारग्रेव्हज व त्यांचे सहकारी यांना ल्यूपसच्या रोग्यांच्या अस्थिमज्जेंत एक विशिष्ट पेशी आढळली, आणि ज्याचें निदान आजवर केवळ अनुभवी नजरेवर सोपविलेलें होतें त्या रोगाला प्रथमच प्रयोगशाळेचा पुरावा मिळाला. त्याच वर्षीं, त्याच संस्थेंत, फिलिप हेंच यांनीं आमवातानें जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोंचलें व ती कांहीं दिवसांत चालूं लागली. पाठोपाठ शरीराकडूनच तें द्रव्य निर्माण करविणारें ए. सी. टी. एच. हें औषध आलें. हेंच, केंडाल व राइखस्टाइन यांना या शोधाबद्दलचें नोबेल पारितोषिक स्टॉकहोम येथें अर्पण झालें तें १९५० सालच्या डिसेंबरांत, म्हणजे फ्लॅनरी ज्या महिन्यांत आजारी होऊन आगगाडीनें घरीं परतली त्याच महिन्यांत. एडवर्ड ओकॉनर यांच्या व त्यांच्या कन्येच्या दुखण्यांत अंतर होतें तें एवढेंच. रोग एक, रक्त एक; मध्यें दहा वर्षें गेलेलीं.

ए. सी. टी. एच. हें त्या काळीं डुकरांच्या मेंदूच्या तळाशीं असलेल्या एका लहानशा ग्रंथींतून काढीत. एका रोग्याला पुरेल इतकें औषध काढावयास असंख्य जनावरांच्या ग्रंथी लागत. साहजिकच तें दुर्मिळ होतें व महागही. आपण जिवंत आहों तें शिकागोच्या कत्तलखान्यांतील डुकरांच्या कृपेनें, अशी थट्टा फ्लॅनरीनें पुढें एका पत्रांत केली. एमरी विद्यापीठाच्या रुग्णालयांत तिला या औषधाच्या मोठ्या मात्रा दिल्या गेल्या. पुनःपुन्हां रक्त भरलें गेलें. ताप उतरला, पण डोक्यावरचे केस गळले आणि चेहरा कलिंगडासारखा सुजला. तशाही स्थितींत तिनें कादंबरीवर हात फिरविला. १९५१ च्या वसंत ऋतूंत ती रुग्णालयांतून बाहेर पडली, ती संधिवाताचाच एक वाईट प्रकार आपणांस झाला आहे अशा समजुतीनें.

रेजीनाबाईंनीं हें कां केलें असावें? जुन्या घराण्यांत क्षयाचा उच्चार रोग्यासमोर न करण्याची रीत ज्यांनीं पाहिली आहे त्यांना याचें नवल वाटणार नाहीं. परंतु येथें कारण केवळ रीतीचें नव्हतें. मुलीच्या मनांत ल्यूपस या शब्दाचा अर्थ एकच होता: वडील. तो शब्द उच्चारणें म्हणजे तिला वडिलांच्या मृत्यूची तारीख वाचून दाखविणें होतें. ज्या देहांत जेमतेम प्राण राहिला आहे त्याला हा धक्का सोसणार नाहीं, असें आईला वाटलें. त्या पहिल्या कांहीं महिन्यांपुरतें पाहिलें तर तिचें चुकलें असें म्हणवत नाहीं. पण अशा मौनाला एक खोड असते. तें संपवावयाचा मुहूर्त कधींच सांपडत नाहीं. रोगी अशक्त असतो तोंवर सांगवत नाहीं, आणि तो हिंडूंफिरूं लागला म्हणजे आतां कशाला सांगा, असें वाटतें. शिवाय रोग्याला वगळून इतरांना तर सांगावेंच लागतें. ज्यांच्या घरीं फ्लॅनरी पूर्वीं राहत होती त्या कनेक्टिकटमधील रॉबर्ट व सॅली फिट्सजेरल्ड या स्नेह्यांना रेजीनाबाईंनीं मुलगी ल्यूपसनें मरणाच्या दारीं आहे हें आरंभींच कळविलें होतें. म्हणजे आईला ठाऊक, डॉक्टरांना ठाऊक, दूरच्या स्नेह्यांनाही ठाऊक. ठाऊक नव्हतें तें, जिच्या देहांत तो रोग होता तिला.

१९५२ च्या मे महिन्यांत तिची ‘वाइज ब्लड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि उन्हाळ्यांत ती फिट्सजेरल्ड यांच्याकडे राहावयास गेली. थोडी शक्ति आली होती. बरें वाटलें कीं पुन्हां उत्तरेकडे येऊन राहावें, असें तिच्या मनांत घोळत होतें. तिचीं पुस्तकें व सामान अजून तेथेंच होतें. एके दिवशीं दोघी मैत्रिणी मोटारींतून जात असतां फ्लॅनरी आपल्या संधिवाताविषयीं कांहीं बोलली. सॅलीबाई गाडी चालवीत होत्या. कितीतरी दिवस त्यांच्या मनांत द्वंद्व चाललें होतें. खोट्या समजुतीवर ही हुशार मुलगी आपल्या आयुष्याचे बेत रचीत आहे, हें त्यांना पाहवेना. त्यांनीं सांगितलें: तुला संधिवात नाहीं, ल्यूपस आहे.

फ्लॅनरीचा हात थरथरला, पण ती रडली नाहीं. ही बातमी चांगली नव्हे, तरी सांगितल्याबद्दल मी तुझी ऋणी आहें, अशा अर्थाचें ती बोलली. आपणांस असेंच कांहीं असावें असा संशय आपल्यालाही येत होता, असेंही तिनें सांगितलें. परक्या स्त्रीनें आईचा निर्णय मोडावा कीं काय, हा प्रश्न कोणी विचारील. फळाकडे पाहिलें तर सॅलीबाईंचें बरोबर ठरतें. त्याच मुक्कामांत फ्लॅनरी पुन्हां आजारी पडून घरीं परतली, आणि थोडी सांवरल्यावर तिनें पहिली गोष्ट केली ती ही कीं कनेक्टिकटमधील आपलीं पुस्तकें व सामान मिलेजव्हिलला मागवून घेतलें. उत्तरेकडे जाण्याचा विषय संपला. त्याच सुमारास तिनें मोरांची एक जोडीही मागविली. मोर वीस-पंचवीस वर्षें जगतो. लांडग्याचें नांव ऐकल्यानंतर मोर पाळावयास घेणाऱ्या माणसाच्या वृत्तीबद्दल अधिक लिहिण्याचें कारण नाहीं.

आतां जें घर उभें राहिलें त्याचें नांव अँडालूझिया. गांवापासून सुमारें चार मैलांवर, पांचशेंहून अधिक एकरांची ही शेतवाडी रेजीनाबाईंना व त्यांच्या एका भावाला दुसऱ्या भावाच्या मृत्यूनंतर मिळाली होती. तेथें त्या दुग्धालय चालवीत. विधवा बाई, घरीं आजारी मुलगी, आणि गडीमाणसें, गाई, हिशेब, कुंपणें, हा सारा व्याप! मुलीला जिना चढवेना म्हणून तळमजल्यावरची खोली तिला दिली. रोज सकाळीं आई तिला मोटारीनें चर्चमध्यें नेई. परत आल्यावर दुपारपर्यंत सुमारें तीन तास ती कपाटाच्या पाठीकडे तोंड करून टंकयंत्रापुढें बसे. या तीन तासांत घरांतल्या कोणीं तिला हांक मारावयाची नाहीं, असा दंडक होता. आणि शेतावर एवढी धांवपळ असतां तो पाळला गेला याचें श्रेय रेजीनाबाईंना दिलें पाहिजे. दुपारीं शक्ति सरलेली असे. मग व्हरांड्यांत बसणें, आल्यागेल्याशीं बोलणें, पत्रें, आणि मोर. मोरांची संख्या पुढें चाळिसांच्या घरांत गेली. त्यांनीं आईच्या बागेंतील फुलें खाल्लीं, व त्यावरून दोघींत कायमचा खटका राहिला. औषधाचें इंजेक्शन फ्लॅनरी स्वतः घेई.

जी मुलगी एकवीस-बावीसाव्या वर्षीं घर सोडून आयोवा विद्यापीठांत लेखनकला शिकली, जी न्यूयॉर्कमध्यें राहिली, तिला पंचवीस वर्षांची झाल्यावर पुन्हां आईच्या छपराखालीं, आईच्या वेळापत्रकानें राहावें लागलें. दोघींचें एकमेकींवर प्रेम होतें. पण दोघींचीं जगें निराळीं होतीं. आईला मुलीच्या कथा भीषण वाटत, त्यापेक्षां चार लोकांना आवडेल असें कांहीं तिनें लिहावें असें वाटे. मुलीच्या कथांत तर पुनःपुन्हां एकच घर येतें: शेत चालविणारी कर्तबगार विधवा, आणि तिच्या आश्रयास असलेलें, शिकलेलें, आजारी किंवा अधू, मनांतून धुमसणारें प्रौढ अपत्य. ‘गुड कंट्री पीपल’ या कथेंतील लांकडी पायाची कन्या घ्या, किंवा ‘द एन्ड्युअरिंग चिल’मधील, मरावयास म्हणून घरीं आलेला लेखक घ्या. वरवर वाचणाऱ्यास हा आईवर उगविलेला सूड वाटेल. नीट वाचलें तर या कथांत अधिक फजिति होते ती त्या शिकलेल्या अपत्याची. परावलंबी झालेल्या माणसाच्या मनांत उपकारकर्त्याविषयीं जो राग सांचतो, तो या लेखिकेनें स्वतःच्या ठिकाणीं ओळखला होता, आणि त्याची तिनें गय केली नाहीं. घरांत बोलतां न येणारें पुष्कळ कांहीं तिनें टंकयंत्राला सांगितलें, इतकें खात्रीनें म्हणतां येईल.

१९५४ च्या सुमारास ती लंगडूं लागली. खुब्याचें हाड ठिसूळ झालें होतें. १९५५ पासून दोन्ही बगलांत कुबड्या आल्या त्या कायमच्या. त्या कुबड्यांवर ती दूरदूरच्या महाविद्यालयांत व्याख्यानें देऊन आली. १९५८ सालीं एका श्रीमंत वृद्ध नातलग बाईंनीं खर्च देऊन मायलेकींना फ्रान्समधील लूर्दच्या तीर्थाला पाठविलें. जावयास फ्लॅनरी मुळींच राजी नव्हती. नातलगांचें मन राखण्यासाठीं तिनें तेथील पाण्यांत स्नान केलें. पण प्रार्थना केली ती, तिच्याच सांगण्याप्रमाणें, हाडांसाठीं नव्हे तर हातीं असलेल्या कादंबरीसाठीं. ती कादंबरी १९६० सालीं प्रसिद्ध झाली.

बापाचा रोग लेकीला आला, मग तो वंशांतच आहे काय, हा प्रश्न अशा प्रत्येक घरांत विचारला जातो, व पुष्कळदां मुलींचीं लग्नें ठरतांना कुजबुजीनें विचारला जातो. त्याचें उत्तर आज बरेंचसें देतां येतें. रोगाचा कल अनेक जनुकांतून थोडा थोडा उतरतो. रोग मात्र जसाच्या तसा उतरत नाहीं. अगदीं एकसारख्या जुळ्या बहिणींपैकीं एकीला झाला तरी दुसरीला पुष्कळदां होत नाहीं. उपचारांतही फरक पडला आहे. १९५५ सालीं जॉन्स हॉपकिन्स येथील मेरेल व शुल्मन यांनीं आपल्या रोग्यांची मोजदाद केली, तेव्हां निदानानंतर चार वर्षांनीं जेमतेम निम्मे जिवंत होते. हल्लीं चांगले उपचार मिळाले तर दहांपैकीं सुमारें नऊ रोगी दहा वर्षें व त्याहून अधिक जगतात. मलेरियावरील औषधाचाच एक भाईबंद असलेलें हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आज या उपचारांचा पाया समजलें जातें. आणि २०११ सालीं बेलिमुमॅब हें खास ल्यूपससाठीं तयार केलेलें औषध अमेरिकेंत मान्य झालें.

फ्लॅनरीला मिळालीं तीं तेरा वर्षें. १९६४ च्या फेब्रुवारींत गर्भाशयांतील एका गांठीसाठीं शस्त्रक्रिया करावी लागली, आणि तिनें निजलेला रोग जागा केला. डॉक्टरांनीं काम करावयाचें नाहीं असें बजावलें. रुग्णालयांत ती कथेचे कागद उशीखालीं लपवी, आणि कोणी नसलें म्हणजे काढून दुरुस्त्या करी. आतां लपविण्याची पाळी तिची होती. मूत्रपिंडें निकामी होत गेलीं. ३ ऑगस्ट १९६४ रोजीं, एकोणचाळिसाव्या वर्षीं, मिलेजव्हिलच्या रुग्णालयांत तिचें देहावसान झालें. वडिलांशेजारींच तिला पुरण्यांत आलें.

रेजीनाबाई त्यानंतर एकतीस वर्षें जगल्या. १९९५ सालीं त्या वारल्या तेव्हां त्यांना नव्व्याण्णवावें वर्ष होतें. मधल्या काळांत मुलीचीं पत्रें पुस्तकरूपानें निघालीं, आणि त्यांची संपादिका होती तीच सॅली फिट्सजेरल्ड, जिनें मोटारींत तें नांव उच्चारलें होतें. त्या पुस्तकांतील अखेरचें पत्र २८ जुलै १९६४ चें आहे, एका मैत्रिणीला लिहिलेलें. अक्षर लागत नाहीं इतका हात कांपत होता. तें मुलीच्या बिछान्याजवळच्या मेजावर तसेंच राहिलें होतें. मृत्यूनंतर तें आईच्या हातीं लागलें, आणि आईनें तें टपालांत टाकलें.